तांदळातलं नाव अन् कॅनडाचा व्हिसा

व्हिसाची गोष्ट म्हटलं की तुम्ही रुमाल काढून बसले असान. आता हा पोट्टा विमानतळावर बायकोच्या गळ्यात पडन, काचेच्या पलीकडून आई हात हलवन, असं. नाही भाऊ. या गोष्टीत विमान येतच नाही. विमानाच्या अलीकडंच एवढं काही झालं की बाकीचं मले आता सोपं वाटून राहिलं. अन् हा कोणी फाडफाड इंग्रजी बोलणारा हिरो असन असंही समजू नका. मी कुहीच्या शाळेत शिकलो. तिथं दोनच गोष्टी पक्क्या झाल्या, सतराचा पाढा अन् हेडमास्तरांची नक्कल. पाढा विसरलो.

नक्कल हा माहा धंदा नाही, रोग आहे. रोज कुहीवरून नागपुरात जाऊन मी दुचाकीच्या शोरूममध्ये सर्व्हिसच्या काउंटरवर बसतो. गिऱ्हाईक येते, म्हणते गाडी आवाज करते. मी विचारतो कसा, घुर्र का खर्र? त्याले सांगता येत नाही. मंग मी तोंडानं पाच-सहा आवाज काढून दाखवतो, तो म्हणते हा, तिसरा. मेकॅनिक आतूनच ओरडते, चेन ढिली आहे. गाड्या झाल्या की माणसं. मालकाचा आवाज काढून मी मेकॅनिकले सुट्टी देऊन टाकली आहे, दोन वेळा. आईले बाबांच्या आवाजात हाक मारतो तर ती चहा घेऊन बाहेर येते अन् मले पाहून कप तसाच आत नेते.

तर अशा माणसाशी कामठीच्या एका नर्सनं लग्न केलं. ती लग्नाच्या आधीच कॅनडात गेली होती, तिथं कायम राहायची परवानगी, पीआर म्हणतात ती, तिले भेटली होती, दवाखान्यात पक्की नोकरी होती. लग्नासाठी चोवीस दिवस आली, मंग मधात एकदा पाच दिवस. लग्नाले चौदा महिने झाले अन् आम्ही सोबत राह्यलो एकोणतीस दिवस. त्यातले चार-पाच तर सत्यनारायण अन् मावश्या-आत्यांच्या घरच्या जेवणातच गेले.

तिनं माह्यासाठी पीआरची फाईल लावली होती. ती फाईल तिकडं लाईनीत उभी, नंबर कधी येईन कोणी सांगत नाही. तोवर मी व्हिजिटर व्हिसावर जाऊन यावं असं ठरलं. एकदा अर्ज केला तर नकार आला. तुम्ही मुदत संपल्यावर वापस जाल असं आम्हाले वाटत नाही, असं त्याइनं लिहिलं. दुसऱ्या अर्जाच्या वेळी बायकोनं साफ सांगतलं, ही शेवटची वेळ. यावेळी नाही म्हटलं तर पीआर येईपर्यंत गप बसायचं, मंग वर्ष लागो का दोन. तरी स्वतः मात्र तिनं चार पोरींसोबतचं घर सोडलं अन् एका खोलीचं वेगळं घर घेतलं. पलंग मागवला. तो खोक्यात आला, सुटा-सुटा, नटबोल्टसकट. तिनं खोका उघडलाच नाही. म्हणे तू आल्यावर जोड, मले पान्हे कळत नाही. रोज सकाळी मी शोरूमले निघायच्या आधी तिचा व्हिडिओ कॉल यायचा, तिच्या मागं भिंतीले टेकून तो खोका दिसायचा. मी मनातल्या मनात तो पलंग पन्नास वेळा जोडला असन.

आता अर्जात पत्र काय लिहायचं पाहा. मले तिथं कायम राहायचं आहे हे लिहायचं, कारण पीआरची फाईल तेच सांगते, लपवलं तर खोटं. अन् पीआर यायच्या आधी मुदत संपली तर मी गुमान वापस येईन, हेही लिहायचं. दोन्ही खरं, दोन्ही एकाच पानावर. जावई सासुरवाडीले जेवायले बसल्यावर नको-नको म्हणत ताट पुढं करते ना, तसं ते पत्र होतं. वापस येईन याचा पुरावा म्हणून बाबांच्या धानाच्या वावराचा सातबारा लावला. मालकाचं पत्र लावलं. मालकानं पहिल्यांदा लिहून दिलं, परत आल्यास विचार करू. म्हटलं मालक, हे पत्र आहे का धमकी. मंग त्यानं जागा राखून ठेवली आहे असं लिहिलं अन् सही करताना सांगतलं की माहा आवाज काढणं बंद करशीन तर खरंच ठेवीन.

लग्न खरं आहे याचा पुरावा म्हणून लग्नाची पत्रिका अन् अख्खा अल्बम स्कॅन करून लावला. घरचा फोन म्हणून बाबांचा नंबर दिला, कारण शोरूममध्ये दिवसभर गाड्या ठणाणा करतात. बाबा तो फोन घरीच ठेवून वावरात जातात, पण ते मले तेव्हा कुठं सुचलं. अर्ज पाठवला अन् त्याच दिवशी मी इतवारीतून बॅग घेऊन आलो. चाकाची, निळी. आई म्हणे, व्हिसा तर येऊ दे. मी तिले विमानातल्या बाईच्या आवाजात सांगतलं की कृपया कुर्सी की पेटी बांध लीजिए. ती हसली, तेव्हा हसली.

तीन आठवड्यानं एका दुपारी बाबांच्या फोनवर फोन आला. आई छपरावर मुगाच्या वड्या घालत होती, हात पिठात, तर तिनं कोपरानं फोन स्पीकरवर टाकला. पलीकडं एक बाई हिंदीत बोलत होती. तिनं एक लांबलचक नाव घेतलं, आधी आडनाव, मंग नाव, मधात बापाचं नाव, अन् विचारलं ही तुमची कोण लागते. आमच्या घरी क्रेडिट कार्डवाले अन् लोनवाले रोज कोणाचं ना कोणाचं नाव घेऊन फोन करतात, आईचं उत्तर पाठ आहे. तिनं सांगून टाकलं, "नहीं बा, इस नाम की कोई नहीं हमारे घर में." अन् वड्या घालायले लागली.

हे मले कळलं आठ दिवसानं, मेल आल्यावर. मेलमध्ये लिहिलं होतं की अर्जात पत्नीचं नाव एक आहे, अल्बमवर सोनेरी अक्षरात दुसरं आहे, अन् तुमच्या घरी विचारलं तर तुमच्या आईनं पत्नीच्या नावाची बाई घरात नाही असं सांगतलं. खुलासा करा. मी काउंटरवर उभ्या-उभ्या वाचलं अन् समोरच्या गिऱ्हाईकाच्या गाडीचा आवाज काढायचा सोडून आईले फोन लावला.

घोळ काय होता, ते तुम्हाले कळलंच असन. आपल्याकडं लग्न लागलं की ताटात तांदूळ पसरतात, नवरदेव अंगठीनं त्यात नवरीचं नवं नाव लिहिते, साखर वाटतात, झालं. माह्या बायकोचं नवं नाव आईनं ठरवलं होतं. तिले पोरगी पाहिजे होती, झालो मी. ते नाव तिनं सत्तावीस वर्षं सांभाळून ठेवलं. आमच्या गोठ्यात दोन कालवडी झाल्या, त्याइलेही दिलं नाही. लग्नाच्या दिवसापासून घरात सारे तेच नाव घेतात, माहेरचं नाव तर आईच्या जिभेवर चौदा महिन्यात आलं नव्हतं. अन् पासपोर्टावर, नोकरीवर, पीआरवर सगळीकडं माहेरचंच नाव.

म्हटलं सोपं आहे, ताटाचा फोटो पाठवू, ही पद्धत आहे म्हणून सांगू. अल्बम उघडला. ताटाचा एकच फोटो. त्यात तांदळात, अंगठीनं, मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, मॅडम.

ते मीच लिहिलं होतं. सगळे पाहुणे ताटावर वाकून बसलेले, आता हा काय नाव लिहिते म्हणून, तर मले राहवलंच नाही. मांडवात हशा झाला, मामानं पाठीत धपाटा घातला, आईनं डोळे वटारले, मंग मी ताट हलवून बरोबर नाव लिहिलं. पण फोटोवाल्याले हशाचा फोटो भेटला होता, तो खुशीत जेवायले निघून गेला. दुसऱ्या नावाचा फोटोच नाही.

सकाळी बायकोले हे सांगतलं. ती ड्युटीवरून आलेली, डोक्याले टॉवेल गुंडाळलेला. शांतपणे ऐकलं अन् म्हणे, "म्हणजे तुह्या फाईलमध्ये आता मी तीन बाया आहो."

म्हटलं, तीनही तूच आहे ना पण.

"ते तुले माहीत आहे बे. त्याइले कोण सांगन?"

तिनंच मंग तोड काढली. काहीच लपवायचं नाही, जे झालं ते सरळ लिहायचं, मॅडमसकट. मी कोर्टाच्या बाहेर टेबल टाकून बसणाऱ्या वकिलाकडं शपथपत्र करायले गेलो. त्याच्या टायपिस्टानं सारं ऐकून घेतलं अन् गंभीरपणे विचारलं, मॅडमचं काय करू, उर्फ लिहू का. शेवटी त्यानं असं टाईप केलं की वराने थट्टेने प्रथम तसे लिहिले व ज्येष्ठांनी समज दिल्यावर योग्य नाव लिहिले. खाली शिक्का. माही थट्टा सरकारी कागदावर पहिल्यांदाच गेली, अन् खरं सांगू, वाचून मले थोडा अभिमानही वाटला. आईकडूनही एक पत्र घेतलं, बायकोची दोन्ही नावं लिहून. सगळं पाठवलं. आता ते पुन्हा फोन करू शकतात, असं बायको म्हणे.

इथं माह्या डोक्यात ती आयडिया आली. आईले सांगूनच तिची तयारी करून घ्यायची. परीक्षेच्या आधी सराव परीक्षा असते, तशी. मी शोरूममधल्या पोट्ट्यांचे फोन घेऊन रोज दुपारी बाबांच्या नंबरवर फोन करायचो. आवाज त्या बाईचा. मी ऐकला नव्हता, पण आईनं जसा सांगतला होता तसा बसवला, जरासा नाकातून, वाक्याच्या शेवटी जी. आपकी बहू का पासपोर्ट में नाम क्या है जी. घर में किस नाम से बुलाते हैं जी. शादी को कितना समय हुआ जी.

पहिले दोन दिवस आईनं आरती म्हटल्यासारखी उत्तरं दिली, माहेरचं नाव, बापाचं नाव, आडनाव, दवाखाना, सारं. मी म्हटलं शाब्बास माताजी. तिसऱ्या दिवशी तिनं मधातच थांबवलं, म्हणे तुह्या मागं गाडीचा आवाज येऊन राहिला, ऑफिसात गाड्या असतात का. बरोबर होतं तिचं. मंग मी स्पेअर पार्टच्या खोलीत दार लावून फोन करायले लागलो. तिथं चिटपाखरू नाही, आवाज एकदम सरकारी यायचा. चौथ्या दिवशी तिनं अर्धीच उत्तरं दिली. पाचव्या दिवशी म्हणे मले काम नाही का. सहाव्या दिवशी फोन कापला. पण मले मजा येऊन राहिली होती, खोटं कायले बोलू. व्हिसा जवळ आला असं वाटायचं. त्या आवाजात बोललो की जणू मीच स्वतःले होकार देणार आहो.

सातव्या दिवशी शोरूममध्ये फ्री चेकअपचा कॅम्प होता. सकाळपासून गाड्यांची रांग, मले पाणी प्यायले फुरसत नव्हती. फोन करायचा राहून गेला.

संध्याकाळी घरी पोचलो. बाबा बाजेवर, आई भाकरी टाकून राहिली होती. मले पाहून तिचा चेहरा लय समाधानी. ताट वाढलं अन् म्हणे आज कसा गप झाला, बोलतीच बंद केली ना तुही.

मले वाटलं कालचं म्हणते. तर तिनं सविस्तर सांगायले सुरुवात केली. दुपारी फोन आला. मागं कसलाच आवाज नाही. तेच जी-जी. तिनं पहिल्याच प्रश्नाले झाडणं सुरू केलं, अन् तेही हिंदीत, कारण तू हिंदी सोडून नाही राहिला, असं तिचं म्हणणं.

"म्हणलं, पुरे कर तुहं नाटक. तिकडं ती पोरगी एकटी, बारा तास उभी राहून घरी येते तर गरम घास द्यायले कोणी नाही. पलंगाचा खोका तसाच पडला तिचा. अन् तू इकडं बाईचा आवाज काढून मायले छळून राहिला. तांदळात मॅडम लिहिलं तेव्हाच तुह्या कानाखाली द्यायची होती. तिले मी पोटच्या पोरीचं नाव देल्लं, अन् तुह्यापायी आज त्या नावाचे पुरावे द्यायची पाळी आली."

मी विचारलं, मंग पलीकडून काय म्हटलं.

म्हणे काही नाही, तू खूप वेळ गप होता. मंग म्हणला ठीक है माताजी, समझ गई. अन् हसला. "हसणं मात्र अगदी बाईसारखं हसला बाप्पा, तेवढं जमलं तुले."

मी ताट बाजूले सारलं. बाबांचा फोन उचलून पाह्यला. दुपारचा नंबर होता, मोबाईलचा नाही, लँडलाईनचा, सुरुवातीले दिल्लीचा कोड, म्हणजे व्हिसावाल्या ऑफिसचा. मी आईकडं पाह्यलं. ती तव्यावरची भाकर उलटवत होती, इतक्या दिवसानं पोराले वठणीवर आणलं म्हणून खूश. माही सांगायची हिंमतच झाली नाही. म्हटलं हो, लय झाडलं आज. बाबांनी माह्या तोंडाकडं पाह्यलं, फोनकडं पाह्यलं, अन् दुसऱ्या कुशीवर झाले.

सकाळी बायकोले सांगतलं. आता ती चिडन, रडन, काहीतरी करन, म्हणून मी तयारीत. तिनं डोक्याचा टॉवेल सोडला. मंग म्हणे, "आईनं खोक्याचंही सांगतलं त्याइले?"

"सांगतलं."

"माह्या जेवणाचंही?"

"हो."

तिनं टॉवेलनं तोंड पुसलं. म्हणे, मंग पाहू. एवढंच.

नऊ दिवस मी एकही नक्कल केली नाही. शोरूममध्ये लोक विचारायले लागले की घरी सगळं ठीक आहे ना. गिऱ्हाईक म्हणे गाडी आवाज करते, तर मी म्हणायचो आत सोडून जा. मालकानं तर बोलावून चहा पाजला.

दहाव्या दिवशी, सकाळी शटर अर्धंच वर गेलं होतं अन् फोन वाजला, मेलचा. पासपोर्ट पाठवा, असं लिहिलं होतं. एवढंच, पण त्याचा अर्थ काय होते ते चौदा महिन्यांत मी इतक्यांदा वाचलं होतं की झोपेतही सांगतलं असतं. नकार द्यायचा असला तर पासपोर्ट मागत नाहीत. मी सर्व्हिसले आलेल्या पहिल्या गाडीचा हॉर्न दाबला. मंग दुसरीचा. पोट्ट्याइले कळलं काय झालं, त्याइनं बाकीच्या गाड्या धरल्या. पाच मिनिटं अख्ख्या शोरूममध्ये चाळीस हॉर्न वाजून राहिले होते, रस्त्यावरचे लोक थांबून पाहत होते कोणाची वरात आहे म्हणून. बायकोले फोन लावला तर त्या आवाजात तिले काहीच ऐकू येईना. ती नुसती विचारत होती काय झालं, कोण मेलं. मी फोन फिरवून तिले हॉर्न दाखवले. ती समजली. तिनं फोन तसाच टेबलावर ठेवला अन् मले नुसतं छत दिसून राहिलं, अन् टेप फाडल्याचा आवाज. खोक्यावरची टेप ती काढून राहिली होती. म्हटलं थांब, मले येऊ दे. म्हणे फक्त टेप काढते, हात नाही लावत.

आईच्या बोलण्यानं झालं का शपथपत्रानं का सातबाऱ्यानं, ते कोणाले माहीत. त्या ऑफिसातल्या बाईलेच विचारावं लागन, अन् तिले फोन करायची आता आमच्या घरात कोणाची टाप नाही.

पासपोर्ट व्हिसा लागून कुरियरनं वापस आला, त्या दिवशी मी तो घेऊन सरळ घरी, कुहीले गेलो. आईनं पाकिटाले हळदकुंकू लावलं. मी आतला व्हिसा दाखवला, त्यावरचा माहा फोटो पाहून ती म्हणे चोरासारखा दिसते. बाबा हसले. साऱ्याइचं एवढं छान चालू होतं की मले वाटलं आता सांगतलं तर चालन. अन् मी सांगून टाकलं, की त्या दिवशी तू झाडलं तो मी नव्हतो, ती खरी ऑफिसातली बाई होती.

आई आधी हसली, मी चाळा करून राहिलो असं समजून. मी बाबांच्या फोनमधला नंबर दाखवला. तिनं बाबांकडं पाह्यलं. बाबांनी मान हलवली. तिच्या हातातली कुंकवाची कोयरी तशीच राहिली, अन् ती हळूच पाटावर बसली.

मले वाटलं रडते. मी जवळ गेलो अन्, तुम्ही विश्वास ठेवणार नाही, पण माह्या तोंडून आपोआप निघालं, ठीक है माताजी, तेच, नाकातून.

"चूप," आई म्हणे. "एकदम चूप. माह्या तोंडून त्या पोरीचा संसार मोडला असता तर काय केलं असतं रे तू? तिच्या मायले कामठीले जाऊन काय सांगतलं असतं मी? सरकारी बाईले कानाखाली द्यायची म्हणली मी, अन् तुले इतके दिवस माहीत होतं, अन् तू माह्या हातची भाकर खाऊन राहिला होता. एक शब्द नाही सांगतला. मी इथं वड्या घालून राहिली, गाणे म्हणून राहिली. त्या पोरीले माहीत, तुह्या बापाले माहीत, अन् जिनं सारं केलं तिलेच माहीत नाही. अन् तुम्ही हो, तुम्ही काय त्या बाजेवर झोपायचं सोंग करता? दोघंही बापलेक एकाच मातीचे. अन् तू ऐक. तिथं गेल्यावर त्या पोरीपाशी तरी माणसाच्या आवाजात बोल, एकदाही तिनं माह्यापाशी तक्रार केली ना, तर तिथं येऊन मारीन, मले व्हिसा लागो का न लागो. हसू नको. काहून हसून राहिला? तो पासपोर्ट आण इकडं, तुह्या हातात ठेवायच्या लायकीचा नाही तू. मी ठेवते डब्यात, जायच्या दिवशी देईन."